आधी कॉम्प्युटरला पिंजऱ्यात उभं करा

"सिस्टिम घेत नाही."

या तीन शब्दांइतकं ताकदवान वाक्य आज आपल्या सरकारी कारभारात दुसरं नाही. न्यायाधीशाला निकाल देताना कारणं लिहावी लागतात. तहसीलदाराला आदेशावर सही करावी लागते. पण खिडकीमागच्या माणसाने स्क्रीनकडे बघत "सिस्टिम घेत नाही" म्हटलं की सही नाही, कारण नाही, अपील नाही. पुढचा या!

आणि आपण काय करतो? "बरं साहेब" म्हणतो, फाईल काखेत मारतो आणि नाव दुरुस्त करायला सेतू केंद्राच्या रांगेत जाऊन उभे राहतो. तिथून आधार केंद्र, मग शाळा, मग नोटरीचं प्रतिज्ञापत्र, मग गॅझेट. "मी शेख रहीम शेख करीम सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की रहीम शेख आणि एसके रहीम या एकाच व्यक्ती आहेत." एका जिवंत माणसाने शपथेवर सांगायचं की तो एकच आहे. मशीनला मात्र कुणी शपथ देत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते जरा जोरात सांगणार आहे: माणसाचं आणि कॉम्प्युटरचं म्हणणं जुळत नसेल तर पुरावा आधी कॉम्प्युटरने द्यावा.

गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांमध्ये कागदपत्र शिबिरांचा धडाका लागला आहे. मशिदीच्या आवारात, शाळेच्या वर्गात, शादीखान्यात टेबलं मांडली जातात, लॅपटॉप येतात, पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत राबतात. या पोरांबद्दल मला आदर आहे. रोजंदारी बुडवून आलेल्या खालाजानचं आधार आणि रेशनकार्ड जुळवून देणं हे सवाबाचं काम आहे. पण त्या शिबिरांची पत्रकं वाचा. "आपली नावं दुरुस्त करून घ्या." दुरुस्त? मिक्सर बिघडतो, सायकलची चेन तुटते. माझ्या आजोबांनी ठेवलेलं नाव कधी बिघडलं?

मराठवाड्यातलं ते साधं नावच घ्या: शेख रहीम शेख करीम. रहीम मुलगा, करीम वडील, शेख दोघांनाही. गावात कुणाला यात काडीची अडचण नाही. पोस्टमन बरोबर येतो, देणेकरी तर त्याहून बरोबर येतात. अडचण येते ती फॉर्ममध्ये. तिथे चौकोन तीन: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. आपल्याकडे शब्द चार. मास्तरांनी जनरल रजिस्टरमध्ये जागा संपली म्हणून लिहिलं 'शेख रहीम शे. करीम'. रेशनकार्डावर ते झालं 'रहीम करीम शेख'. आधारच्या ऑपरेटरने इंग्रजीत टाइप केलं, मशीनने त्याचं परत मराठी केलं, 'शैक रहिम'. बँकेत 'एसके रहीम', कारण इंग्रजीत शेखचा शॉर्टकट तोच. आता सॉफ्टवेअरला वाटतं की ही दोन इनिशियल्स आहेत, आणि ते एस फॉर काय, के फॉर काय शोधत बसतं. मोहम्मदची गोष्ट तर विचारूच नका. मो., मोह., महंमद, मोहंमद, मुहम्मद, आणि इंग्रजीत एमडी. एखाद्या यादीत आपल्या मोहम्मदचाचांना पोटविकारतज्ज्ञ केलेलं अजून माझ्या पाहण्यात नाही, पण तो दिवस फार लांब नसावा.

बायकांचं याहून वाईट. शबाना बी, शबाना बानो, शबाना बेगम, शबाना परवीन. यातलं बी, बानो, बेगम हे आडनाव नाही हे आपल्याला पाळण्यापासून माहीत आहे. पण तिसरा चौकोन रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नाही. मागे रांग लागलेली असते. ऑपरेटर वैतागून 'बी' हेच आडनाव करून टाकतो. अशा रीतीने एका घरात सासू बेगम, सून बी, लेक बानो, आणि पुढे कुणीतरी पडताळणीला आलं की कपाळाला आठ्या घालून विचारतं, "हे सगळे एकाच कुटुंबातले कसे?"

कोकणातल्या परकार, मुकादम मंडळींची यातून बरीच सुटका होते. त्यांचं ईमान वेगळं नाही की देशभक्ती जास्त नाही. त्यांची आडनावं चौकोनात बसतात, एवढंच. तो चौकोन एका ठरावीक घराच्या मापाने बेतलेला आहे. आपणच बाहेर राहतो असंही नाही. आडनावच न लावणारा तमिळ माणूस, पाड्यावरचा आदिवासी, लग्नानंतर नाव न बदललेली कुठलीही मराठी बाई, सगळे त्या चौकोनाच्या कडेला बोटं चेमटून घेतात. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बंधनकारक केलं. उत्तम निर्णय, फार आधी व्हायला हवा होता. पण त्याने चौकोन तीनाचे चार झाले, आणि न जुळण्याच्या जागाही वाढल्या.

इथे आपला एक मित्र हमखास बोलतो. आयटीत असतो, पुण्यात फ्लॅट घेतलेला असतो, मनाने वाईट नसतो. तो म्हणतो, "अरे, सॉफ्टवेअरला धर्म नसतो. डेटा मॅच झाला नाही तर नाही झाला. यात राजकारण कुठे आणतोस?" कबूल. चाळणीलाही धर्म नसतो. पण भोकं केवढी ठेवायची ते चाळणी ठरवत नाही, आणि वर राहिलं ते कोंडा म्हणून फेकायचं की पुन्हा जात्यात घालायचं, हेही ती ठरवत नाही. ती सगळी माणसांची कामं. माणूस जिथे ठरवतो तिथे राजकारण असतं.

या मित्राला मी नेहमी ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट सांगतो. तुम्हीही सांगा, कारण तिच्यात कुणाच्या दाढीचा, टोपीचा प्रश्न मुख्य नाही. त्यामुळे ऐकणारा शेवटपर्यंत ऐकतो.

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं सरकारी नोकर चालवत नाहीत. किराणा, स्टेशनरीचा दुकानदार कराराने ती चालवतो. त्याला सबपोस्टमास्टर म्हणतात. यात भारतीय, पाकिस्तानी वंशाची दुकानदार मंडळी पुष्कळ. १९९९-२००० च्या सुमारास पोस्टाने देशभर होरायझन नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, पुढे ते फुजित्सू या कंपनीच्या ताब्यात होतं. संध्याकाळी हिशोब जुळवायचा, तर स्क्रीनवर तूट दिसू लागली. आज शंभर पौंड, उद्या हजार. गल्ल्यात पैसे बरोबर, स्क्रीनवर कमी. करारात लिहिलेलं की तूट दुकानदाराने भरायची. लोकांनी भरली. दागिने विकून, नातेवाइकांकडून उसने आणून, घर गहाण टाकून भरली. हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना एकच उत्तर मिळालं: ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. शेकडो लोकांना, एकेकट्याला गाठून.

मग खटले. ब्रिटिश पोस्टाला स्वतःच फिर्यादी होऊन खटला चालवता येत होता, म्हणजे पैसे कुणाचे बुडाले तर पोस्टाचे, तपास कुणी केला तर पोस्टाने, खटला कुणी भरला तर पोस्टाने. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवर नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, त्यातले बहुसंख्य पोस्टाने स्वतः भरलेल्या खटल्यांत. सीमा मिश्रा नावाची भारतीय वंशाची सबपोस्टमास्तरीण होती. ७४ हजार पौंड चोरल्याचा आरोप. २०१० साली तिला तुरुंगात पाठवलं तेव्हा ती गरोदर होती आणि त्या दिवशी तिच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. तिचा वकील सॉफ्टवेअरचा आतला तपशील मागत राहिला. जे खरोखर लागत होतं ते मिळालं नाही.

आता यातला कायद्याचा भाग बघा, कारण खरी मेख तिथे आहे. ब्रिटनमध्ये १९८४ चा एक कायदा होता. कोर्टात कॉम्प्युटरचा पुरावा द्यायचा तर तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे पुरावा देणाऱ्याने दाखवायचं, असं त्यात होतं. हे फार किचकट पडतं म्हणून ते कलम १९९९ च्या कायद्याने काढून टाकलं, २००० पासून ते गेलं. त्यानंतर कोर्टाने धरूनच चालायचं ठरलं की कॉम्प्युटर बरोबर आहे. ज्याला शंका असेल त्याने ती सिद्ध करावी. म्हणजे देशभर सदोष सॉफ्टवेअर बसवलं जात होतं त्याच वेळी ते सदोष असू शकतं हा विचारच कायद्याने दाराबाहेर ठेवला. खेड्यातल्या किराणा दुकानदाराने, सॉफ्टवेअरचा कोड न बघता, लॉग न बघता, सिद्ध करायचं की जगातल्या एका बड्या कंपनीचं सॉफ्टवेअर चुकलं. बरं, पोस्ट सांगत होतं की शाखेच्या हिशोबाला बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. प्रत्यक्षात फुजित्सूचे लोक लांबून हात लावू शकत होते.

अॅलन बेट्स या हट्टी माणसाने, ज्याचं पोस्ट २००३ मध्ये काढून घेतलं होतं, एकेक करून असे लोक जमवले. ५५५ जण मिळून हायकोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला आणि पोस्टाचा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे, अशा अर्थाचे ताशेरे मारले. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली, सीमा मिश्रा त्यातच. २०२४ च्या जानेवारीत टीव्हीवर मालिका आली, देश खवळला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून उरलेल्यांपैकी शेकडो शिक्षा एका फटक्यात पुसल्या. वीस वर्षं कागद जे करू शकले नाहीत ते चार भागांच्या मालिकेने केलं, यावर हसावं की रडावं कळत नाही. चौकशी आयोगाच्या २०२५ च्या अहवालानुसार किमान तेरा जणांच्या आत्महत्येमागे हे प्रकरण असू शकतं.

आयटीतल्या मित्राला इथे थांबवून विचारायचं: या गोष्टीत सॉफ्टवेअरचा धर्म कोणता होता?

कुठलाच नाही. तेरा जीव तरी गेले. कारण संस्थेला मशीनवर विश्वास ठेवणं सोयीचं होतं आणि माणसावर ठेवणं महाग. आपल्याकडची खिडकी याहून वेगळी नाही.

आता दुसऱ्या बाजूला येतो. हे आपलेच लोक, आणि यांच्याशी भांडण जास्त कडू होतं. रात्री अकरानंतर ग्रुपवर एक ऑडिओ फिरतो, "भाईजान, पक्की खबर आहे, सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नावांसाठी वेगळं बटन बसवलंय." कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये? कुणी बसवलं? कुठला कागद? उत्तर येतं, "तुम्ही फार पुस्तकी आहात." मग एक बद्दुआ, एक इमोजी, आणि सगळे झोपायला मोकळे.

असा संशय मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये अगदी हेच घडलं. तिथल्या कर खात्याने पाळणाघराच्या सरकारी मदतीत लबाडी कोण करतंय हे हुडकायला धोक्याचे गुण देणारं सॉफ्टवेअर लावलं, आणि डच नागरिकत्व नसणं हा त्यात धोक्याचा एक निकष होता. हजारो आईबापांना, त्यात तुर्की आणि मोरोक्कन घरं मोठ्या प्रमाणात, लबाड ठरवून वर्षानुवर्षांची मदत परत मागितली. एखाद्या अर्जावर राहून गेलेली सहीसुद्धा त्यासाठी पुरली. घरं मोडली, हजाराहून अधिक मुलं सरकारने आईबापांपासून दूर ठेवली. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. (दोनच महिन्यांनी निवडणूक होती, रुटे जिंकले आणि परत पंतप्रधान झाले. राजीनाम्याचा एवढा स्वस्त सौदा आपल्याकडच्या नेत्यांना अजून सुचलेला नाही.) ब्रिटिश पोस्टाच्या तपासनीसांच्या कागदांतही आरोपींची वर्णावरून वर्गवारी करणारे कोड होते, 'भारतीय-पाकिस्तानी प्रकार' आणि काळ्या लोकांसाठी उच्चारू नये असा शब्द.

पण हे आपल्याला ठाऊक कसं झालं? ऑडिओ फिरवून नाही. नेदरलँड्समध्ये वकील, पत्रकार, दोन-तीन चिवट खासदार कागद मागत राहिले. पोस्टाचे ते कोड २०२३ मध्ये बाहेर आले ते आपल्या माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली केलेल्या अर्जामुळे. बटन असेल तर ते कागदावरच सापडेल. आणि बटन नसेल, नुसती आळशी जुळवाजुळवी असेल, तरी पोटावर पाय तितकाच पडतो. कट-कट ओरडण्याने एक मोठा तोटा होतो: साहेबाला फक्त "कट नाही" एवढंच म्हणून सुटता येतं. चुकीबद्दल मग त्याला कुणी विचारतच नाही.

शेजारच्या तेलंगणाचं बघा. तिथे समग्र वेदिका नावाची यंत्रणा आहे. निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकत्र करायच्या, सारखी नावं, सारखे पत्ते जुळवून एकेका माणसाचं पूर्ण चित्र उभं करायचं. हैदराबादच्या एका बाईला स्वस्त धान्य नाकारलं गेलं, कारण यंत्रणेच्या मते तिच्या नवऱ्याकडे मोटारगाडी होती. नवरा रिक्षा ओढायचा. गाडी होती दुसऱ्याच माणसाची, ज्याचं नाव त्याच्या नावासारखं होतं. दोघंही सय्यद, दोघांच्या नावात अली. हैदराबादेत असे किती असतील, मोजायला बसलात तर मगरीब होईल. इथे कुणी मुद्दाम बटन बसवायची गरजच नव्हती. ज्या समाजात पाचपन्नास नावं पुन्हा पुन्हा ठेवली जातात, तिथे नाव जुळवणारं मशीन दोन माणसांचा एक आणि एका माणसाचे दोन करणारच. तेलंगणात सुमारे १९ लाख कार्डं रद्द झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला घरोघर जाऊन ती पुन्हा तपासायला सांगितलं, आणि त्यात पात्र लोक बाहेर फेकले गेल्याचं निघालं. माणूस दारात गेला तेव्हा कळलं. आधी का नाही गेला?

बंगालमध्ये मतदार याद्यांच्या फेरतपासणीत सॉफ्टवेअरने 'तार्किक विसंगती' नावाचा एक डबा तयार केला. बापाचं नाव जुन्या यादीशी जुळत नाही, टाका डब्यात. आई आणि मुलाच्या वयात पंधरा वर्षांपेक्षा कमी अंतर दिसतं, डब्यात. एका पालकाला सहा-सहा मतदार जोडलेले, डब्यात. नोबेलविजेते अमर्त्य सेन यांनाही आईच्या आणि त्यांच्या वयाच्या हिशोबावरून नोटीस गेली. ज्यांनी दुष्काळाचं अर्थशास्त्र जगाला शिकवलं, त्यांना वयाची वजाबाकी समजावून सांगावी लागली. सेनांच्या दारात अधिकारी गेले, पेपरात बातमी आली, प्रश्न मिटला. मुर्शिदाबादच्या बिडी वळणाऱ्या बाईच्या दारात कुणी पत्रकार जात नाही. तिला एक दिवसाची मजुरी सोडून सुनावणीला जावं लागतं, तेही यादीत 'बीबी' आणि 'बेवा' यांची अदलाबदल झाली म्हणून. जानेवारी २०२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या डब्यात कुणाकुणाची नावं आहेत ती यादी ग्रामपंचायतीत लावा, आणि लोकांनी दिलेल्या कागदांची पोच द्या. कोर्टाला सांगावं लागलं, की पोच द्या!

आता जालन्याला चला. ही गोष्ट मला फार आवडते.

२०१४ च्या विधानसभेला जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले, कैलास गोरंट्याल पडले. फरक २९६ मतांचा. गोरंट्याल हायकोर्टात गेले: खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीननंतर, म्हणजे मुदत संपल्यावर घेतला गेला. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सीडीवर. आता ही सीडी ग्राह्य धरायची का? जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमानुसार सोबत प्रमाणपत्र लागतं, की हे रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून आलं, ते यंत्र त्या वेळी नीट चालत होतं, आणि जबाबदार माणसाची त्यावर सही. अर्जदारांनी अधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र मागून मागून दमवलं, ते मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी हायकोर्टाचा निकाल कायम ठेवताना सांगितलं की असं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मात्र ज्याने ते मिळवायला सगळे प्रयत्न केले आणि अधिकाऱ्यानेच दिलं नाही, त्याला त्याची शिक्षा नको. आज देशभरात कुठल्याही कोर्टात व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट द्यायचा तर वकील या जालन्याच्या खटल्याचं नाव घेतात. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, त्यात तर प्रमाणपत्राचे दोन भाग झाले: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा.

म्हणजे बघा. आमदाराची खुर्ची जाणार असेल तर दुपारचे तीन वाजले होते की नव्हते हे सांगणाऱ्या यंत्राला आपला कायदा विचारतो: तू कोण, कुठला, त्या दिवशी तब्येत बरी होती का, आणि तुझ्या वतीने सही कोण करणार? आणि विधवेचं धान्य, पोराची शिष्यवृत्ती, म्हाताऱ्याचं निराधारांचं अनुदान, माणसाचं मत जाणार असेल तर? एक यादी येते. वरून. कुणाच्या सहीची नाही, कुठल्या नियमाने बनली माहीत नाही. स्क्रीनवर लाल अक्षर, आणि सिस्टिम घेत नाही.

कायदा शिकणारे वाचक इथे हात वर करतील: पुराव्याचा कायदा कोर्टाला लागू, तहसीलला नाही. अगदी बरोबर. माझी तक्रार तीच आहे. गरिबाचं प्रकरण कोर्टापर्यंत जातच नाही, त्याचा निकाल खिडकीवरच लागतो, आणि खिडकीवर मशीनला कुणी उलटतपासणी घेत नाही.

हा प्रश्न फक्त आपला आहे असं मांडण्याचा मोह टाळा. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत काय झालं आठवा. आधी पतीचा किंवा वडिलांचा आधार ओटीपी मागितला. ज्यांना पती नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी तो कबरीतून की चितेतून आणायचा, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे एका प्रश्नाच्या उलटसुलट भाषेमुळे असंख्य बायकांनी चुकीचा पर्याय दाबला, कागदोपत्री त्यांच्या घरात सरकारी नोकर उगवले आणि पैसे थांबले. मग अंगणवाडी सेविकांना दारोदार पडताळणीला पाठवायची वेळ आली. यात सुनीताताई होत्या, शबानाआपाही होत्या, आणि दोघींना ऐकवलं गेलं ते एकच: तुम्हीच चुकीचं भरलं. सुनीताताईंना सोबत घेऊन मागणी करणं हे नुसतं शहाणपणाचं नाही, ते खरंही आहे. आपली बोटं दोनदा चेमटतात एवढाच फरक. मालेगाव, अकोल्यात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून २०२५ मध्ये जो गदारोळ झाला तो आठवा: कागद नव्हता तर संशय, कागद काढला तर त्याहून मोठा संशय.

मग करायचं काय? शिबिरं बंद करायची नाहीत. पण शिबिरात नाव दुरुस्तीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल टाका, आणि त्यावर लॅपटॉपही नको, कोरे कागद पुरेत. ज्याला ज्याला "सिस्टिम घेत नाही" हे उत्तर मिळालं आहे, त्याने तिथे बसून अर्ज लिहायचा. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४, पोटकलम १, खंड ड. त्यात साध्या भाषेत लिहिलंय की सरकारी कार्यालयाने आपल्या निर्णयाची कारणं त्या निर्णयाने बाधित झालेल्या माणसाला द्यायची असतात. हे उपकार नाहीत आणि यासाठी मोर्चाही लागत नाही. महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही सेवा नाकारली तर लेखी कारण आणि अपिलाची वाट दाखवायला सांगतो. अर्जात पाच ओळी पुरतात: माझा अर्ज कुठल्या दिवशी नाकारला? माझी कुठली माहिती कुठल्या यादीशी जुळली नाही? ती यादी कुणी, कधी तयार केली? जुळवणीचा नियम काय, एका अक्षराचा फरक चालतो की नाही? आणि या निर्णयाला जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा?

शेवटच्या प्रश्नाने खिडकीमागचा माणूस पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढून तुमच्याकडे बघतो. मी हे बघितलंय. त्याचंही फारसं चुकत नाही बिचाऱ्याचं, त्यालाही वरून यादीच आलेली असते. पण लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की त्याला वर विचारावं लागतं, आणि वरच्याला त्याच्या वर.

सोबत एक मागणी लोकप्रतिनिधींकडे, पक्ष कुठलाही असो: नाव जुळलं नाही म्हणून कुणाचंही धान्य, अनुदान किंवा मत प्रत्यक्ष दारात जाऊन तपासल्याशिवाय थांबवायचं नाही. आधी थांबवा आणि मग वर्षभर सिद्ध करायला लावा, हा क्रम उलटा करा. नगरपालिकेच्या निवडणुकीला गल्लीत येतात तेव्हा गटार आणि पेव्हर ब्लॉकसोबत हेही विचारा. ब्रिटनच्या सरकारनेही २०२५ मध्ये कॉम्प्युटर बरोबरच असतो या गृहीतकावर फेरविचाराला लोकांची मतं मागवली. त्यांना ते नऊशे शिक्षा देऊन झाल्यावर सुचलं.

आणि रहीमभाई, गॅझेटला नाव द्यायला निघालाच आहात तर थांबा जरा. आधी त्या पाच ओळी लिहून आवक-जावकला द्या, आणि तारखेच्या शिक्क्यासकट पोच घ्या.